गोष्टीतला श्रीमंत मनुष्य

जॉन गॉल्सवर्दी यांच्या कादंबऱ्यांवरून बी.बी.सी.ने १९६७ साली 'द फोरसाइट सागा' नावाची २६ भागांची मालिका तयार केली. पुढल्या वर्षी ती रविवारी संध्याकाळी पुन्हा दाखविण्यात येऊ लागली, तेव्हा इंग्लंडातील काही चर्चनी आपल्या सायंकाळच्या उपासनेची वेळ बदलली. लोक घरी बसून मालिका पाहणार आणि बाके रिकामी राहणार, हे पाळकांना दिसत होते. ही हकीकत ऐकून कोणी हसतात, कोणी हळहळतात. परंतु उपासना अर्धा तास अलीकडे घ्यावी की पलीकडे, हा घड्याळाचा प्रश्न झाला. तो चार पंच मिळून सोडवू शकतात. घड्याळाने न सुटणारा प्रश्न निराळा आहे. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची ती माणसे, त्यांची घरे, त्यांचे नाच, त्यांचे मानापमान पडद्यावर पाहून आपल्याला जो आनंद होतो, तो कसला आनंद? आणि तो आपल्या अंतःकरणाचे काय करतो?

हा प्रश्न इंग्लंडपुरता राहिलेला नाही. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'वरून १९८५ साली आपल्या दूरदर्शनवर 'तृष्णा' ही हिंदी मालिका आली होती. आता तर मूळ इंग्रजी मालिका हातातल्या मोबाईलवर पाहता येतात. आपल्या मंडळ्यांतून इंग्रजी शाळांत शिकलेली मुलेमुली आहेत, शिक्षकी पेशातून निवृत्त झालेल्या भगिनी आहेत. त्यांपैकी कित्येकांना या मालिकांची गोडी आहे. म्हणून या गोष्टीचा शांतपणे विचार करणे बरे.

याविषयी आपल्यात दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक मत असे की, हे सारे जगिक आहे. रेशीम, मखमल, मेणबत्त्यांची झुंबरे आणि श्रीमंत नवऱ्याचा शोध, यात ख्रिस्ती मनुष्याने काय पाहावे? दुसरे मत असे की, आजच्या बाकीच्या करमणुकीपेक्षा हे शतपटीने चांगले. शिवीगाळ नाही, रक्तपात नाही, आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहावे असे आहे. तेव्हा आक्षेप कसला? पहिल्या मताला सौंदर्याचे भय वाटते. दुसऱ्याला निरुपद्रवीपणा म्हणजेच चांगुलपणा वाटतो. दोन्ही मते वाटेत मध्येच थांबतात.

सौंदर्याविषयी आधी बोलू. १९९५ साली बी.बी.सी.ने 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची ६ भागांची मालिका केली. त्याच वर्षी 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'वर चित्रपट निघाला. त्याचे दिग्दर्शक अँग ली हे तैवानचे आणि पटकथा एमा थॉम्प्सन या अभिनेत्रीची, जिला त्या लेखनासाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले. या कलाकृतींमागे शिंपी, सुतार, वादक, नट अशा कितीतरी जणांचे कष्ट आहेत. तोलूनमापून बोललेले वाक्य ऐकण्यात, उत्तम बेतलेला पोशाख पाहण्यात जो आनंद आहे, तो देवाच्या देणग्यांपैकीच एक आहे. त्याबद्दल कोणी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

पण ज्या पुस्तकांवरून हे सारे घेतले, ती पुस्तके कोठून आली हे पाहिले पाहिजे. जेन ऑस्टिनचे वडील हॅम्पशायरमधील स्टीव्हन्टन गावचे धर्मगुरू होते. 'जेन एअर' लिहिणारी शार्लट ब्राँटी यॉर्कशायरमधील हॉवर्थ येथील पाळकाच्या घरात वाढली. 'नॉर्थ अँड साउथ'ची लेखिका एलिझाबेथ गॅस्केल ही मँचेस्टरमधील एका युनिटेरियन उपदेशकाची पत्नी होती. या तिघींनी माणसाच्या अंतःकरणाची तपासणी जवळून पाहिली होती आणि तीच त्यांनी कादंबरीत आणली. गर्व कसा सभ्यतेचा बुरखा घेतो, लोभ कसा व्यवहारज्ञान म्हणून मिरवतो, धर्माच्या नावाखाली कठोरपणा कसा खपतो, हे त्यांचे विषय आहेत.

येथे एक साधी गोष्ट आपण विसरतो. त्या पुस्तकांच्या पहिल्या वाचकांना त्यात 'जुना काळ' दिसलाच नाही. १८१३ साली 'प्राइड अँड प्रेज्युडिस' वाचणाऱ्या बाईच्या अंगावर तसलाच झगा होता आणि तिच्या शेजारच्या घरात तशाच लग्नाच्या मुली होत्या. 'नॉर्थ अँड साउथ' १८५४-५५ साली डिकन्सच्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होत होती, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्या चालूच होत्या आणि त्यांचे मालक ती वाचू शकत होते. त्या वाचकांच्या हाती लेखिकेने आरसा दिला होता. काळ लोटला, पोशाख बदलले आणि त्या आरशाचे चित्र झाले. चित्रात पाहणाऱ्याचे तोंड दिसत नाही.

आपल्याकडचेही उदाहरण घ्या. बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी यांनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिले. 'जेन एअर' प्रसिद्ध झाल्याला तेव्हा १० वर्षे झाली होती. हिंदू विधवांची दैना हा त्या पुस्तकाचा विषय. ज्याच्या स्वतःच्या घरात केशवपन केलेली बहीण किंवा भावजय बसली होती, त्याने ते वाचले तेव्हा त्याच्या काळजाला काय झाले असेल! आज आपण तेच वाचतो आणि म्हणतो, "त्या काळचे लोक किती निर्दय होते!" पुस्तक तेच आहे, पण आता त्यातला निर्दय मनुष्य दुसराच कोणीतरी झाला आहे.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील नाथान संदेष्ट्याची गोष्ट आपल्या रविवारच्या शाळेतील लहान मुलांनाही ठाऊक असते. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत मारविले. नाथान येऊन त्याला एक गोष्ट सांगतो: एका श्रीमंताजवळ पुष्कळ मेंढरे होती, गरिबाजवळ एकच लाडकी कोकरी, पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने आपले एकही मेंढरू न मारता गरिबाची कोकरी कापली. दावीद संतापतो. आता या संतापाकडे नीट पाहा. तो ढोंगी नाही, अगदी खरा आहे. न्यायाची चाड दावीदाच्या ठायी जिवंत आहे. पण त्याच्या स्वतःच्या पापाला त्या संतापाची झळ लागत नाही. समजा, नाथान तेवढी गोष्ट सांगून निघून गेला असता, तर दावीद मनात म्हणाला असता की आज चांगली कथा ऐकिली. आणि आपण अन्यायाविरुद्ध किती पेटून उठतो याचे त्याला समाधानही वाटले असते. गोष्टीतला तो श्रीमंत मनुष्य तूच आहेस, असे नाथानाने सांगितले तेव्हाच त्या गोष्टीचे काम पुरे झाले.

या जुन्या कादंबऱ्यांवरच्या मालिका पाहताना बहुधा आपले असेच होते. गोष्ट मिळते, संताप मिळतो, डोळ्यांत पाणीही येते. पण नाथान येत नाही. पोशाख जितका जुना, तितका दोषी मनुष्य आपल्यापासून दूर. माझ्या मते या करमणुकीचा खरा धोका येथे आहे. भपक्याची भुरळ आपल्याला ओळखता तरी येते. स्वस्तात मिळालेले नीतिमत्त्व मात्र चटकन ओळखू येत नाही.

तीन उदाहरणे देतो.

'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधील बेनेट कुटुंबात ५ मुली आहेत, मुलगा नाही. इस्टेटीचे उत्पन्न वर्षाला २,००० पौंड. पण ती पुरुष वारसाकडेच जावी असा निर्बंध असल्याने वडिलांच्या मागे घरदार कॉलिन्स नावाच्या नातेवाइकाचे होणार. एलिझाबेथच्या वाट्याला येणार अवघे १,००० पौंड, तेही आई गेल्यावर. हे तिला आठवण करून देतो तो कॉलिन्सच, आणि तेही लग्नाची मागणी घालताना! तिने नकार दिल्यावर तिची २७ वर्षांची मैत्रीण शार्लट त्याला होकार देते, कारण तिला डोक्यावर छप्पर हवे आहे. पाहणारा हळहळतो, त्या काळच्या कायद्याला नावे ठेवतो. पण आपला कायदा काय सांगतो? १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती मनुष्याच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा आहे. गोव्यात तर मुलींचा वारसाहक्क पोर्तुगीज काळापासून कायद्यात आहे. बेनेट भगिनींच्या आड कायदा आला होता. आपल्या बहिणींच्या आड काय येते? बापाचे कार्य आटोपून महिना होत नाही तोच हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. "सही कर ताई, माहेर तुटायला नको," असे गोड शब्दांत सांगितले जाते, आणि ताई सही करते. स्वखुशीने हक्क सोडणाऱ्या बहिणीही असतात, हे खरे. परंतु माहेर तुटेल या भयाने केलेल्या सहीला खुशी म्हणता येत नाही. त्याच घरात संध्याकाळी एलिझाबेथ बेनेटसाठी कोणी डोळे पुसत असेल, तर ते अश्रू कोणाच्या उपयोगाचे?

दुसरे उदाहरण कपड्यांचेच. आजारी बहिणीला भेटायला एलिझाबेथ तीन मैल चिखलातून चालत जाते आणि तिच्या परकराची कड चिखलाने भरते. श्रीमंत स्त्रिया नाक मुरडतात, आपण तिच्या बाजूचे होतो. पण तो परकर धुतला कोणी? २०१३ साली जो बेकर या लेखिकेने 'लाँगबोर्न' ही कादंबरी लिहून बेनेट कुटुंबाच्या घराची हीच कथा नोकरमाणसांच्या बाजूने सांगितली. तिची सुरुवात धुण्याच्या दिवसापासून होते. ऑस्टिनच्याच 'मॅन्सफील्ड पार्क' या १८१४ च्या कादंबरीतील सर टॉमस बर्ट्राम यांची अँटिग्वा बेटात मालमत्ता आहे, आणि त्या बेटावरचे ऊसमळे गुलामांच्या घामावर चालत होते. ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार १८०७ साली बंद केला, पण गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये आला. कादंबरीत फॅनी ही गरीब भाची गुलामांच्या व्यापाराविषयी प्रश्न विचारते आणि घरातली बाकीची मंडळी गप्प बसून राहतात. पॅट्रिशिया रोझेमा यांनी १९९९ साली काढलेल्या चित्रपटात ही गुलामगिरी उघडपणे पुढे आणली. कित्येकांना ते रुचले नाही; प्रेमकथेत ही कटकट कशाला, असे त्यांना वाटले. पण फॅनीच्या प्रश्नापाशी गप्प बसणाऱ्यांत आपण आहोत की नाही, हे पाहायला अँटिग्वापर्यंत जावे लागत नाही. आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईचा कप वेगळा ठेवलेला आहे का? तिची सुट्टी पगारातून कापली जाते का? प्रभूच्या मेजावर सर्व सारखे, असे आपण दर महिन्याला म्हणतो. स्वयंपाकघरातला कपही तसेच म्हणतो का?

तिसरे उदाहरण संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी मुद्दाम देतो. 'जेन एअर'मध्ये ब्रॉकलहर्स्ट हे अनाथ मुलींच्या शाळेचे धर्मनिष्ठ चालक आहेत. पहिल्याच भेटीत ते लहानग्या जेनला नरकाचे भय घालतात. नरक टाळण्यासाठी काय करशील, असे विचारल्यावर ती मुलगी भाबडेपणाने सांगते की, मी प्रकृती नीट ठेवीन आणि मरणार नाही. जाताना ते तिच्या हाती एक पुस्तिका ठेवतात. तीत खोटे बोलणाऱ्या मुलीला अकस्मात आलेल्या मरणाची हकीकत आहे. पुढे शाळेत ते मुलींचे कुरळे केस कापण्याचा हुकूम देतात, आणि त्याच क्षणी त्यांची पत्नी व मुली मखमल, रेशीम लेवून, केस कुरळे करून आत येतात. पोशाखाने केलेला इतका कडक न्याय क्वचितच कोठे असेल. शार्लटने हे हवेतून आणलेले नव्हते. धर्मगुरूंच्या मुलींसाठी कोवन ब्रिज येथे चालविलेल्या शाळेत ती स्वतः १८२४-२५ साली होती. त्या शाळेत आजारी पडून घरी आणलेल्या तिच्या दोन मोठ्या बहिणी, मरिया आणि एलिझाबेथ, १८२५ मध्ये वारल्या. शाळेचे संस्थापक विल्यम कारस विल्सन हे धर्मगुरूच होते आणि मुलांसाठी मासिकही काढीत होते. म्हणजे आपल्यासारखेच एक शिक्षक! पडद्यावरच्या ब्रॉकलहर्स्टचा काळा कोट आणि कठोर चेहरा पाहून आपल्याला वाटते की, असले लोक पूर्वी होते. पण मुलांना वठणीवर आणण्यासाठी देवाचे नाव बागुलबुवासारखे आपण कधी वापरले आहे का? गरीब घरच्या मुलीला साधेपणाचा उपदेश आणि पंचांच्या मुलीला गॅदरिंगमध्ये पुढची जागा, असे आपल्या शाळेत कधी होते का?

याच कादंबरीत आणखी एक व्यक्ती आहे, तिच्याविषयी मराठी ख्रिस्ती वाचकाने विशेष विचार करावा. सेंट जॉन रिव्हर्स हा तरुण पाळक हिंदुस्थानात मिशनरी म्हणून जाण्याची तयारी करतो, हिंदुस्थानी भाषा शिकतो. जेनवर त्याचे प्रेम नाही, पण कामाला योग्य अशी पत्नी म्हणून तो तिला मागणी घालतो, आणि मला नाकारणे म्हणजे देवाला नाकारणे, असे तिच्या मनावर दडपण आणतो. जेन सेवेला नकार देत नाही; बहिणीप्रमाणे सहकारी म्हणून यायला ती तयार होते. प्रेमावाचून लग्न मात्र ती नाकारते. देवाची इच्छा आणि सेंट जॉनची इच्छा यांत फरक आहे, हे तिला कळते. तरीही लेखिकेने त्याला खलपुरुष केलेले नाही. कादंबरीची अगदी शेवटची वाक्ये त्याच्याविषयीच आहेत: दूर हिंदुस्थानात कष्ट करून थकलेला, मरणाची निर्भयपणे वाट पाहणारा.

पडद्यावर या मनुष्याचे काय होते? १९४३ च्या हॉलिवूडच्या चित्रपटात हा मिशनरी गाळूनच टाकलेला आहे. २०११ च्या चित्रपटात तो आहे, पण शेवट होतो जेन आणि रॉचेस्टर यांच्या पुनर्भेटीवर. सर्वसाधारण प्रेक्षकाला हे चालून जाते. आपल्याला चालू नये. जेन ऑस्टिनची कादंबरी निघाली त्याच १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झाला. सेंट जॉन ज्या देशाकडे निघाला तो देश आपला, आणि त्याच्यासारख्यांच्या श्रमांचे फळ आपण खाल्ले आहे. म्हणूनच त्याच्या निष्ठेचा आदर आणि त्याच्या जबरदस्तीची ओळख, दोन्ही आपल्याला जमले पाहिजे. "ही देवाचीच इच्छा आहे" असे म्हणून आपल्या मंडळ्यांतून आजही किती मुलींची लग्ने ठरतात, किती तरुणांवर न पेलणारी कामे लादली जातात! जेनने जो फरक ओळखला, तो ओळखण्यास आपण आपल्या मुलींना शिकवितो काय?

यावर कोणी म्हणेल, "अहो, दिवसभर राबून मनुष्य घटकाभर करमणुकीला बसतो, तेथेही तुम्ही उपदेश सुरू केलात! अशाने आनंदच जाईल." आक्षेप योग्य आहे, आणि प्रत्येक प्रसंगाला बोधाचे शेपूट जोडावे असे माझे म्हणणे नाही. कॉलिन्सचे खुशामतखोर बोलणे ऐकून खळखळून हसावे. ऑस्टिनने ते हसण्यासाठीच लिहिले. पण एका धर्मगुरूच्या मुलीने एका धर्मगुरूला असे हसते केले, यात तिचे धैर्य आहे, हे कळल्यावर हसू कमी होते की वाढते? अर्थ कळल्याने आनंद जात नाही. उलट, अर्थ काढून टाकलेला आनंदच लवकर शिळा होतो.

मालिका करणाऱ्यांवरही सारा दोष ढकलू नये. १९४० च्या हॉलिवूडच्या चित्रपटात गर्विष्ठ लेडी कॅथरीनला शेवटी आतून प्रेमळ करून टाकले, म्हणजे डंखच काढून घेतला, हे खरे. पण २००४ साली बी.बी.सी.ने केलेल्या 'नॉर्थ अँड साउथ'मध्ये गिरणीच्या हवेत बर्फासारखा उडणारा कापूस दिसतो. डोळ्यांना तो सुंदर वाटतो, आणि तोच छातीत जाऊन बेसी ही कामकरी मुलगी मरते. पाहणाऱ्याला आपल्याच आनंदाची शंका यावी, असे ते दृश्य आहे. म्हणजे पडदाही नाथानाचे काम करू शकतो. मात्र ते काम पुरे होण्यासाठी ऐकणारा दावीद हवा.

म्हणून एक सूचना. घरी किंवा तरुण संघात अशी एखादी मालिका पाहिली, तर शेवटी दिवा लावल्यावर एकच प्रश्न विचारावा: आज आपल्याला ज्याचा राग आला, तो मनुष्य आपल्या घरात, आपल्या मंडळीत कोणत्या पोशाखात वावरतो? उत्तर मोठ्याने देण्याची गरज नाही. काही उत्तरे मनातच द्यावी लागतात, आणि नंतर ती एखाद्या कृतीने पुरी करावी लागतात: कपाटातला एखादा कागद फाडून, एखाद्या बाईचा पगार न कापता देऊन, एखाद्या मुलाला भय न घालता शिकवून.

तसे होत असेल तर खुशाल पाहा, मनापासून पाहा, आणि पुढे मूळ पुस्तकही वाचा.